तर्रीतला चणा आणि तीन ग्रॅम

नागपुरात सकाळी ठेल्यावर पोह्यांवर जी लालभडक तर्री पडते, तिच्यात चणे असतात. किराण्याच्या पाकिटावर याच चण्याला इंग्रजीत ‘बेंगॉल ग्रॅम’ म्हणतात. त्या पाकिटावर ‘५०० ग्रॅम’ असंही छापलेलं असतं. पण या दोन ग्रॅमांचं एकमेकांशी काही नातं नाही.

चण्याचा ग्रॅम पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत दाण्याला ‘ग्रांव’ म्हणतात. तो लॅटिन ‘ग्रानुम’चा वंशज, आणि इंग्रजीतला ‘ग्रेन’ही त्याच घरचा. वजनाचा ग्रॅम मात्र ग्रीक ‘ग्रामा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ लिहिलेलं अक्षर, पुढे एक बारीकसं वजन. फ्रान्सने १७९५ साली कायदा करून वितळत्या बर्फाच्या तापमानातल्या एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनाला हे नाव दिलं. तिसरा ग्रॅम तपासणीच्या रिपोर्टात भेटतो: ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’, ‘ग्रॅम निगेटिव्ह’. ते चक्क आडनाव आहे. हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, त्याचं.

दाण्याने वजन करायची रीत मात्र या सगळ्याहून जुनी. युरोपात जवाचा, गव्हाचा दाणा तराजूत पडे. इंग्रजी ‘ग्रेन’ हे वजन त्यातूनच आलं. आज ते सुमारे ६४.८ मिलिग्रॅम धरतात. आपल्याकडच्या सराफांकडे गुंज होती, लाल अंगाची आणि काळ्या डोळ्याची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवून टाकला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्या हिशेबाने एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची, जवळपास दोन ग्रेनची. इतवारीच्या सराफ्यात आता तोळा म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात सरळ दहा ग्रॅम असतात, ते वेगळं.

‘ग्रानुम’ची पोरंबाळं कुठे कुठे पांगली आहेत! डाळिंब म्हणजे पोमग्रॅनेट, दाणेदार फळ. त्यावरून फुटणारा ग्रेनेड, आणि डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल रंगावरून गार्नेट हे रत्न. इंग्रजी ‘कॉर्न’सुद्धा याच कुळातला, फक्त जर्मॅनिक भाषांच्या वाटेने आल्यामुळे ‘ग’चा ‘क’ झालेला. इंग्लंडात कॉर्न म्हणजे धान्य, मुख्यतः गहू. मका हा अर्थ अमेरिकेतला. ‘कॉर्न्ड’ मांसात तर मका औषधालाही नसतो. ते जाड्या मिठाच्या दाण्यांत मुरवतात म्हणून हे नाव.

मला यातलं सगळ्यात आवडतं नातं आपल्या घरातलं आहे. या शब्दांच्या मुळाशी ‘पिकणे, वयाने वाढणे’ अशा अर्थाचा एक प्राचीन धातू आहे, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये जे पिकलं ते दाणा झालं. संस्कृतात जे पिकून पार झिजलं ते ‘जीर्ण’ झालं. ‘जरा’, म्हणजे म्हातारपण, तेही तिथलंच.

ग्रॅनाइट म्हणजे इटालियनमध्ये ‘दाणेदार’. जमिनीखाली खोलवर शिलारस फार सावकाश थंड होतो, म्हणून क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक यांचे स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसाल्ट याच्या उलट. तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरून चटकन थिजला. दाणे मोठे व्हायला वेळच मिळाला नाही. आणि ओट्यावरचा ‘काळा ग्रॅनाइट’? तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. दुकानात चालतं, भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत मार्क जातील.

‘ग्रॅन्यूल’ म्हणजे बारीकसा दाणा, कण. हा शब्द खगोलशास्त्रज्ञांनी सूर्यावर नेला. दुर्बिणीतून सूर्याचा पृष्ठभाग रवाळ दिसतो, म्हणून त्या ठिपक्यांना ग्रॅन्यूल म्हणायला लागले. त्यातला एक ‘कण’ साधारण हजार किलोमीटर रुंद असतो. नागपूरहून रेल्वेने दिल्लीला जायला जेवढं अंतर कापावं लागतं, जवळपास तेवढा. मधोमध तापलेला वायू वर येतो, थंड होऊन कडेने खाली बुडतो. कडा थंड असल्याने काळसर दिसतात. असा प्रत्येक कण दहा-वीस मिनिटांत विरतो आणि त्याच्या जागी नवे उसळून येतात.