माडगूळकर–फडके जोडी

मराठी सुगम संगीतातील गीतकार-संगीतकार जोडी. कवी गजानन दिगंबर माडगूळकर (१ ऑक्टोबर १९१९–१४ डिसेंबर १९७७) आणि संगीतकार-गायक सुधीर फडके (२५ जुलै १९१९–२९ जुलै २००२) हे ‘गदिमा’ व ‘बाबूजी’ या नावांनी परिचित आहेत. त्यांच्या स्नेहाची सुरुवात सामान्यतः कोल्हापुरातील दिवसांपर्यंत मागे नेली जाते. ‘वंदे मातरम्’ (१९४८), ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) इ. चित्रपटांतील त्यांची गाणी सर्वश्रुत आहेत.

जोडीचे शिखर म्हणजे ‘गीतरामायण’. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते सादर झाली. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने संख्या ५२ वर थांबली नाही. पहिल्याच गीताचा कागद ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हरवला, माडगूळकर संतापले आणि लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, तेव्हा सुमारे पाव तासात गीत पुन्हा लिहून झाले, असे सांगितले जाते. आठवणींतील वेळेचा तपशील काटेकोर मानू नये. दर आठवड्याच्या मुदतीचा ताण मात्र त्यातून नेमका कळतो.

चाल आधी की शब्द आधी, हा या जोडीसंबंधीचा नेहमीचा वाद. चित्रपटगीतांबाबत सरसकट विधान करणे धोक्याचे आहे. गीतरामायणात मात्र शब्द आधी आले आणि चाल त्यांच्यावर बेतली गेली. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, त्या ‘पराधीन आहे जगती’ या गीताच्या ध्रुवपदाच्या दोन्ही ओळी १४ व १० अशा २४ मात्रांच्या आहेत. पण पहिली ओळ ‘दैवजात’ अशी गुरूने उघडते, तर दुसरी ‘पराधीन’ अशी लघूने. दोन्ही शब्द सहा मात्रांचे असले तरी त्यांचे वजन निराळे पडते. ते मोडू न देता यमनकल्याणाच्या अंगाने चाल बांधणे हे फडक्यांचे कसब. शब्दोच्चाराबाबत ते विलक्षण दक्ष असत. माडगूळकरांचे श्रेयही तेवढेच मोठे: त्यांची ओळ कागदावर वाचतानाच लय घेऊन येते. यांपैकी एकालाच प्रमुख मानण्याचा प्रयत्न अधूनमधून होतो. प्रस्तुत नोंदीत तो ग्राह्य धरलेला नाही.

गीतरामायणातील रागांची संख्या बहुधा ३६ दिली जाते. पहिले गीत भूप रागातले, अखेरचे ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ भैरवीत. मधल्या अनेक चाली मिश्र रूपांच्या आहेत. मिश्र मांड वा मिश्र देशकार हे स्वतंत्र धरायचे की मूळ रागात जमा करायचे, यावर आकडा बदलतो. म्हणून ‘तीसहून अधिक’ असे म्हणणे अधिक सुरक्षित. रामजन्माच्या गीतासाठी निवडलेली मिश्र मांड ही या संगीतकाराच्या प्रसंगजाणिवेची उत्तम खूण आहे. तिच्यातला लोकगीताचा मोकळेपणा अयोध्येच्या रस्त्यावरच्या आनंदाला अचूक लागू पडतो.

माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक आदींनी मूळ प्रसारणात गायन केले. रामाची गीते फडके स्वतः गात. पुढे सर्व गीते एकट्याने गाऊन त्यांनी वर्षानुवर्षे जाहीर कार्यक्रम केले. पुस्तकरूपात ‘गीतरामायण’ १९५७ मध्ये आले.

हिंदी, कन्नड, तेलुगू, संस्कृत, कोंकणी इ. भाषांत त्याच चालींवर गाता येतील असे अनुवाद झाले. तेथे क्रम उलटला: चाल ठरलेली, शब्द तिच्या मापात बसवायचे. मराठीत शब्दांनी चालीला जी मात्रा दिली, तीच आता चालीने नव्या शब्दांकडे मागितली.