पाटे काढलेली पिकअप आणि ठोकळा घातलेली पिकअप

कुणी ‘गाडी खाली घेतली’ म्हणालं की मी आधी विचारतो, ‘पाटे काढलेत की ठोकळा घातलाय?’ पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. निम्म्या लोकांना दोन्ही एकच वाटतं. गाडी दोन इंच खाली आली, दिसायला छान झाली, विषय संपला. बेळगावच्या उद्यमबागेच्या कोपऱ्यावर अशा दोन जुन्या पिकअप शेजारी लावल्या तर लांबून फरक सांगता येणार नाही. माल चढला की मात्र त्यांचं काही जुळत नाही.

मुळात जुनी पिकअप मागून उचललेली का दिसते? कारण मागचे पाटे मालासाठी बनवलेले असतात. टनभर ओझं घेऊन सरळ बसावी अशी त्यांची कमान असते, त्यामुळे रिकामी असताना गाडीचा मागचा भाग वर. ज्यांनी गाडी धंद्यातून काढून घरी जपून ठेवलीय त्यांना ते डोळ्यात खुपतं. भाजीचे क्रेट किंवा दुधाचे कॅन चढवणाऱ्याला हौदा दोन इंच खाली आला तरी दिवसाअखेर कंबरेत फरक जाणवतो. खाली घ्यायची दोन्ही कारणं मला पटतात. प्रश्न कसं घ्यायचं एवढाच आहे.

पाटे काढणं म्हणजे गठ्ठ्यातले एक-दोन पाटे कमी करणं. गाडी बसते, कारण स्प्रिंग दुबळी झालेली असते. ठोकळा घालणं म्हणजे पाट्यांना हात न लावता पाटा आणि एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) यांच्यामध्ये लोखंडी ब्लॉक बसवणं. इथे स्प्रिंगची ताकद तेवढीच राहते, फक्त एक्सलची जागा बदलते. मऊ होणं वेगळं आणि खाली बसणं वेगळं, हे आमच्याकडचे कितीतरी मिस्त्रीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कारण मी स्वतः त्यातून गेलोय.

माझी पिकअप जुन्या जीपच्या चेसिसवरची, मागे सात-सात पाटे. मिस्त्री म्हणाले, ‘दोन पाटे काढलं की बसतंय बघा, खर्च पण काही नाही.’ काढले. रिकाम्या गाडीत बसल्यावर तर वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. खड्ड्यात पूर्वी कंबर मोडायची, आता गाडी गादीसारखी. मग सुगीत यळ्ळूरहून भाताची वीस पोती भरली आणि गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. घरी येऊन खाली वाकलो. चेसिसखालचं बंपर रबर, म्हणजे गाडी पूर्ण दबली की एक्सल ज्यावर आपटतो ते, चेपून चकचकीत झालेलं, आणि डाव्या बाजूचा मेन पाटा, म्हणजे सगळ्यात वरचा लांब पाटा, पुढच्या डोळ्याजवळ (चेसिसला अडकणाऱ्या वळलेल्या टोकाजवळ) तुटलेला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग गंजून काळा होता, निम्मा ताजा, साखरेच्या कणांसारखा चमकणारा. म्हणजे चीर आधीपासून होती, पण सात जणांचं ओझं पाच जणांवर आल्यावर तिने तोंड उघडलं. दुसऱ्या पाट्याचं टोक डोळ्याभोवती वळवलेलं होतं म्हणून एक्सल जागेवर राहिला.

सोपा हिशोब मांडतो. सगळे पाटे सारखे धरले तर सात पाट्यांची स्प्रिंग 350 किलोला 5 सेंटिमीटर दबत असेल, तर पाच पाट्यांची 7 सेंटिमीटर दबते. ठोकळा घातला तर दाब 5 चा 5 च राहतो. प्रत्यक्षात पाटे सारखे नसतात, आणि जाडीचा परिणाम तर घनाच्या पटीत होतो. 10 मिलिमीटरच्या एका पाट्यात 8 मिलिमीटरच्या जवळजवळ दोन पाट्यांची ताकद असते. त्यामुळे ‘एकच तर काढला’ या म्हणण्याला अर्थ नाही. कुठला काढला, ते महत्त्वाचं.

काही गाड्यांत गठ्ठ्याच्या तळाशी एक जाड, जवळजवळ सपाट पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो वरच्या पाट्याला टेकतही नाही, माल चढल्यावरच कामाला लागतो. तो काढला तर गाडी फारशी खाली येत नाही आणि ओझं पेलायची ताकद मात्र जाते. तरीही काढायला सोपा म्हणून लोक तोच आधी काढतात. मेन पाटा आणि त्याच्या लगतचा दुसरा पाटा यांना तर हातच लावू नये. काढायचाच असेल तर मधल्या आखूड पाट्यांपैकी एक, दोन्ही बाजूंनी सारखा. सेंटर बोल्ट, म्हणजे सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट, सोडण्याआधी गठ्ठा शिकंज्यात घट्ट धरायचा, कारण ते पाटे ताणात असतात आणि उसळून हाताला लागतात.

ठोकळ्याच्या बाबतीत वेगळाच घोळ होतो. तो घातला की गाडी खाली येतेच असं नाही. खाली वाकून बघा, पाटे एक्सलच्या खालून गेलेत की वरून. जुन्या जीपसारखे खालून गेले असतील तर मधे ठोकळा घातल्यावर एक्सल चेसिसच्या जवळ सरकतो आणि गाडी बसते. वरून गेले असतील तर तोच ठोकळा गाडी आणखी उचलतो. तशा गाडीला ठोकळ्याचा उपयोग नाही. तिथे पाटेवाल्याकडून कमान थोडी उतरवून घेणं किंवा शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बदलणं, असे मार्ग आहेत. कमान उतरवायला कुणी गॅसचा बंब लावू लागला तर गाडी तिथून काढा. पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं की ते साधं लोखंड होतं.

ठोकळा कसा हवा? भरीव पोलादाचा, दोन्ही बाजूंना एकाच मापाचा, एका अंगाला पिन आणि दुसऱ्या अंगाला भोक असलेला, म्हणजे तो सेंटर बोल्टच्या डोक्याशी आणि एक्सलच्या बैठकीशी गुंततो, सरकत नाही. लाकडाचा ठोकळा नको, आणि एकावर एक दोन तर कधीच नकोत. बेळगावला लेथची आणि फाउंड्रीची कामं करणाऱ्यांची वानवा नाही, माप दिलं की हवा तसा करून मिळतो. यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट, मात्र जुन्यांपेक्षा ठोकळ्याच्या उंचीइतके जास्त लांब आणि नवेच घ्या. जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा आवळून पैसे वाचवायचे नसतात. पुढच्या एक्सलला मी ठोकळा घालत नाही. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचा जोर तिथे एकत्र येतात, आणि दोन इंचांसाठी ती जोखीम मला नको.

ठोकळा निर्दोष आहे असंही नाही. एक्सल पाट्यापासून दूर गेला की जोरात गिअर टाकताना किंवा ब्रेक मारताना पाट्याला पीळ जास्त बसतो. गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो. गाडी साठच्या पुढे गेल्यावर घुमल्यासारखा थरार आला तर क्रॉसकडे, म्हणजे त्या शाफ्टच्या सांध्याकडे, बघा. थोडा उतरता घासलेला ठोकळा घालून तो कोन सुधारता येतो. शिवाय बंपर रबरापर्यंतची जागा दोन्ही पद्धतींत कमी होते. ठोकळ्यात फायदा एवढाच, की उरलेली जागा ताकदवान स्प्रिंग सांभाळते. पाटे काढलेल्या गाडीत जागाही कमी आणि सांभाळणाराही दुबळा.

गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात हे सगळं उघडं पडतं. मऊ झालेली गाडी प्रत्येक वळणाला बाहेर कलते, मागचे क्रेट सरकतात. त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलशी दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर बघून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. अंतर कमी म्हणजे माल जास्त, असा त्याचा समज. गाडी खाली घेतलीत आणि ती दांडी जुळवून घेतली नाहीत, तर रिकाम्या गाडीलाही तो भरल्या गाडीचा ब्रेक देतो. मग त्याच वाटेवर जांबोटीच्या पुढे पावसात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी आडवी होते. पाटे काढा किंवा ठोकळा घाला, ही दांडी तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. हेडलाइटही खाली वळवून घ्या. मागचा भाग बसला की उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

नंबर बेळगावचा केए-22 असो, चिकोडीचा केए-23 असो की पलीकडचा कोल्हापूरचा एमएच-09, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सगळ्यांना सारखंच आहे. आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. फिटनेसला जाणारी मालाची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, मग पाना हातात घ्या.

माझं मत विचाराल तर गाडी आठवड्यातून एकदा जरी ओझं ओढणार असेल आणि पाटे एक्सलखाली असतील, तर दीड-दोन इंचांचा ठोकळा. पाटा काढायचा तो फक्त कायमची निवृत्त झालेल्या गाडीचा, तोही एकच, आणि काढलेला पाटा कुठल्या बाजूचा, कितवा, हे त्यावर लिहून तो जपून ठेवायचा. मी तुटलेला मेन पाटा बदलला, काढलेले दोन-दोन परत बसवले आणि एक्सलखाली दीड इंचाचा ठोकळा घातला. कामाआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप खडूने हौद्यावर लिहून ठेवलं होतं. काम झाल्यावर रिकाम्या गाडीचं माप घेतलं, मग तेवढीच वीस पोती भरून पुन्हा घेतलं. रबर आणि एक्सल यांच्यामध्ये आडवी तीन बोटं बसत होती. शंभर किलोमीटर चालवून आल्यावर यू-बोल्टना पाना लावला, तर डावीकडचे दोन जवळजवळ पाव आटा फिरले.