काळं टर्मिनल म्हणजे अर्थ नव्हे

प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायला बहुधा तीन टर्मिनल (तार जोडायची टोकं) असतात: लाल (प्लस), काळं (मायनस) आणि हिरवं. हिरवं मोकळं ठेवलं तरी सर्किट चालतं, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काळं म्हणजेच अर्थ (जमिनीशी जोडलेलं टोक, earth), हा गैरसमज त्यातूनच रुजतो.

हिरवं आतून धातूच्या पेटीला आणि प्लगच्या अर्थ पिनेला जोडलेलं असतं. लाल-काळ्यामधलं व्होल्टेज मात्र ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून येतं. जमिनीशी त्याचं नातं नसतं. अशा आउटपुटला तरंगतं आउटपुट म्हणतात. काळं हिरव्याला जोडलं तर मायनस जमिनीच्या पातळीवर येतो. लाल जोडलं तर त्याच सप्लायमधून उणे व्होल्टेज मिळतं. आणि 15 व्होल्टचे दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडून मधला सांधा हिरव्याला दिला, की ऑप-अँपला (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला) लागणारे अधिक 15 आणि उणे 15 तयार.

आता याच जोडणीत उणे 15 वर ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबची, म्हणजे मोजणीच्या वायरची, काळी क्लिप लावून पाहा. नको, खरंच लावू नका! नेहमीच्या स्कोपची ती क्लिप त्याच्या प्लगमधून थेट अर्थला गेलेली असते. म्हणजे खालचा सप्लाय इमारतीच्या अर्थिंगमधून शॉर्ट झाला. करंट लिमिट (सप्लाय जास्तीत जास्त किती करंट देईल ती मर्यादा) आधीच कमी ठेवली असेल, तर फक्त लिमिटचा दिवा लागून सप्लाय सावरतो. नसेल तर प्रोबची वायर करपते. नव्या सर्किटला पहिल्यांदा वीज देताना लिमिट गरजेपेक्षा जराशीच वर ठेवायची ती यासाठी.

यावर एक घातक तोडगा सर्रास सुचवला जातो: स्कोपची अर्थ पिन काढून टाकायची. तसं केलं की आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पेटी 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास तरंगू लागते. करंट अगदी थोडा, हाताला झिणझिण्या येण्याइतका. पण आतलं इन्सुलेशन फाटलं तर पेटीवर पूर्ण 230 व्होल्ट येतात. अर्थ असती तर त्या क्षणी मोठा करंट वाहून फ्यूज उडाला असता. आता तो तुमच्या हाताची वाट बघतो. मोजायचंच असेल तर डिफरन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या, किंवा दोन चॅनेलची वजाबाकी करा.

अर्थ एकाच जागी द्यावी. दोन ठिकाणी दिली की तारांचं मोठं वेटोळं बनतं आणि सिग्नलमध्ये 50 हर्ट्झची गुणगुण शिरते.

सप्लाय एकावर एक रचतानाही मर्यादा आहे. टर्मिनल जमिनीपासून किती व्होल्टपर्यंत तरंगू शकतं, ते पॅनेलवर किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. काही दोन चॅनेलच्या सप्लायमध्ये दोन्ही मायनस आतून एकच असतात. ते सिरीजमध्ये लावले की एक चॅनेल शॉर्ट. म्हणून जोडण्याआधी सप्लाय बंद करून, प्लग काढून, मीटरने दोन गोष्टी पाहायच्या: काळ्या-हिरव्याला जोडणारी पत्र्याची पट्टी राहिली आहे का, आणि दोन काळ्यांमध्ये मीटर बीप देतो का, म्हणजे ती आतून जोडलेली आहेत का.