आटपाट नगरातलं खुलभर दूध

श्रावणी सोमवारी पूजा आटोपली की घरातली एखादी जाणती बाई हातावर अक्षता ठेवून कहाणी सांगायला बसे. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की मुलं सरकून जवळ यायची. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होईपर्यंत कुणी उठत नसे.

या कहाण्या व्रतांच्या, आणि व्रतांची ग्रंथपरंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ सिद्ध केला. त्याच्या व्रतखंडात पुराणांमधली कितीतरी व्रतं विधींसह एकत्र केलेली आहेत. पण तो ग्रंथ संस्कृतात, शास्त्री-पंडितांसाठी. घराघरांत व्रत टिकलं ते बायकांच्या तोंडी, साध्या मराठी गद्यात. आणि त्या तोंडी वाटेवर कहाणीत घरातलं रोजचं जगणं शिरलं.

खुलभर, म्हणजे अगदी थोड्याशा, दुधाचीच कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, धाकाने सगळं गाव असेल नसेल ते दूध देवळात ओततं. वासरं उपाशी, मुलं उपाशी. गाभारा मात्र भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरच्या लेकरांना दूध दिलेलं असतं, वासरांना पाजलेलं असतं. उरलेलं खुलभर दूध ती वाहते आणि गाभारा भरून जातो. तिसऱ्या सोमवारी राजा तिला धरतो, तेव्हा ती आधी अभय मागते आणि मग सांगते, की मुलांचे, वासरांचे आत्मे तळमळले ते देवाला आवडलं नाही. भक्ती राजाचीही खरीच होती. तरी त्याची चूक भर देवळात दाखवून द्यायचं काम कहाणीने एका गरीब म्हातारीला दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

शुक्रवारच्या कहाणीतली बहीणही अशीच. ती गरीब असताना भावाने तिला पंगतीतून उठवलेलं असतं. पुढे तिच्याकडे संपत्ती आल्यावर तोच आग्रहाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती पाटावर दागिने मांडून त्यांच्यावर एकेक पक्वान्न ठेवते. ज्यांना बोलावलंस त्यांना जेवू घालते, म्हणते.

सगळ्याच कहाण्या अशा नाहीत. कितीतरींमध्ये व्रत मोडलं म्हणून घर बुडतं आणि दोष सुनेच्या माथी येतो. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ या शब्दांचा धाकही बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला.

छापखाने आल्यावर या कहाण्या छोट्या पुस्तिकांत उतरल्या. १९१४ साली मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांनी त्यांतल्या अनेक इंग्रजीत नेल्या. त्या पुस्तकाची चित्रं काढली म. वि. धुरंधर यांनी. आजही आषाढ सरत आला की पूजासाहित्याच्या दुकानात मुलांच्या रक्षणासाठी पुजायच्या जिवतीच्या कागदाशेजारी कहाण्यांचं पातळसं पुस्तक मिळतं. आजी गावाकडे आणि नात परदेशात असेल, तर सोमवारची कहाणी फोनवरून सांगितली जाते.