गोळी सुटल्याचा त्रास की दुखणं उलटलं?

डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू असते. सहा-आठ महिन्यांत माणूस सावरतो. मग स्ट्रिप संपते आणि ‘आता बरंच वाटतंय की’ म्हणून नवी आणली जात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गरगरतं, मळमळतं, क्षुल्लक कारणावरून रडू फुटतं. घरचे म्हणतात, ‘बघ, उलटलं परत.’ शेजारचे म्हणतात, ‘गोळीचं व्यसन लागलं.’ बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं असतं.

आधी कॅलेंडर बघावं. गोळी एकदम सुटल्याचा त्रास साधारण पाच दिवसांच्या आत सुरू होतो आणि झपाट्याने वाढतो. दुखणं उलटायला मात्र वेळ लागतो. आठवडे, बरेचदा महिने जातात आणि ते दबक्या पावलांनी येतं: आधी पहाटे तीन-चारला जाग, मग जेवणात मन नाही, मग फोन उचलणं बंद.

किती दिवसांनी त्रास व्हायचा, हे औषध शरीरातून किती वेगाने जातं त्यावर ठरतं. डिप्रेशनचंच दुसरं औषध व्हेनलाफॅक्सिन काही तासांतच निम्म्यावर येतं. सकाळचा एक डोस राहिला तरी काहींना संध्याकाळी डोकं हलकं वाटू लागतं. त्याच कामाचं पॅरॉक्सेटिनही त्रास देण्यात पुढे. एस्सिटालोप्राम निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. याच गटातलं फ्लुऑक्सेटिन आणि शरीरात त्यापासून बनणारं द्रव्य मात्र आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सुटल्यावर त्रास कमी होतो. झालाच तर इतक्या उशिरा होतो की कुणाला गोळी आठवतही नाही.

दुसरी खूण शरीराची. नजर झर्रकन डावीकडून उजवीकडे वळवली की डोक्यातून करंट गेल्यासारखं होणं ही गोळी सुटल्याची जवळजवळ सहीच म्हणावी. डिप्रेशनमध्ये असा करंट बसत नाही. सोबत फ्लूसारखं अंग मोडून येणं, हातापायांना झिणझिण्या, घाम, भडक आणि लांबलचक स्वप्नं. चिडचिड, धास्ती, रडू आणि झोपेचा खेळखंडोबा दोन्हीकडे असतो, म्हणूनच घोटाळा होतो. उलटलेल्या दुखण्यात मात्र जुनाच सूर परत लागतो: कशातच रस नाही, आपण सगळ्यांना ओझं झालोय, पुढे काही नाही. करंट-चक्कर नसेल आणि हा सूर दोन आठवडे रोज टिकला, तर दुखण्याचाच संशय घ्यावा.

तिसरी कसोटी डॉक्टरांच्या हातातली. जुना डोस परत सुरू केला की सुटल्याचा त्रास बहुधा एक ते तीन दिवसांत विरतो. उलटलेलं दुखणं इतक्या लवकर हलत नाही. त्याला पहिल्या वेळेसारखेच आठवडे लागतात.

व्यसनाचं म्हणाल तर या औषधांची तलफ येत नाही, नशेसाठी डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मेंदूने औषध धरून घडी बसवलेली असते, ती अचानक विस्कटते, एवढंच. पण आपल्याकडे एक गफलत फार होते. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (धास्ती कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) एकाच गोळीत असलेली औषधं सर्रास दिली जातात, नावापुढे बहुधा ‘प्लस’ असतं. क्लोनाझेपामची सवय खरोखरच लागते आणि बरेच दिवस घेऊन ते एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. तेव्हा स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत.

गोळीचा डोस हळूहळू उतरवताना लोक चुकतात ते शेवटच्या पायरीवर. डोस निम्मा केला म्हणजे परिणाम निम्मा झाला, असं होत नाही. सिटॅलोप्रामच्या (एस्सिटालोप्रामचंच भावंड) २० मिलिग्रॅमने मेंदूतल्या सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन परत ओढणाऱ्या जागा सुमारे ८० टक्के अडतात; ५ मिलिग्रॅमवरसुद्धा जवळपास ६० टक्के. म्हणजे २० वरून ५ वर येणं सोपं, पण ‘आता पाचच तर आहे’ म्हणून सोडली की खरी दरी तिथेच. म्हणून शेवटी पायऱ्या अधिक बारीक आणि प्रत्येक पायरीवर थांबणं दोन-चार आठवड्यांचं. फार दिवस घेतलेल्यांना महिने लागतात. एक दिवसाआड गोळी हा उपाय वाटतो, पण लवकर उतरणाऱ्या औषधात तो रोजचा चढ-उतारच होतो. व्हेनलाफॅक्सिनची सावकाश विरघळणारी कॅप्सूल फोडून आतले दाणे चावू किंवा चुरडू नयेत. दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो.

सुटल्याचा त्रास बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींना मात्र महिनोन्‌महिने पुरतो. तेव्हा फक्त लांबला म्हणून ते दुखणंच, असं ठरवू नये. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी लिहून न्याव्यात: शेवटचा पूर्ण डोस कधी, पहिलं लक्षण कधी, आणि ते कोणतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर मात्र कारण शोधत बसू नये. घरच्यांना सांगावं, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.