गांधीलमाशीच्या पोळ्यातला चोर

मराठवाड्यात गांधीलमाशीची गाठ पडते ती बहुतेकदा विहिरीवर. मोटार चालू करायला स्टार्टरच्या पेटीचं दार उघडावं, तर आत एका देठाला टांगलेलं करडं, कागदी पोळं. पूर्वी हीच पोळी माळवदाच्या किलचणात, म्हणजे छताच्या लाकडी पट्ट्यांत असायची.

माश्या सोडून गेलेलं असं एखादं पोळं काढून उजेडात धरावं. निरोगी माशी बाहेर पडताना घराचं पांढरं झाकण कुरतडून मोकळं करते. पण एखाद्या घराचं झाकण जागेवरच असतं आणि त्याला टाचणीने पाडावं तसं बारीक भोक असतं. त्या घरात वाढली गांधीलमाशीची अळी, बाहेर पडलं मात्र भलतंच कुणीतरी.

आत एक, बाहेर दुसरंच, हे कोडं आपल्याकडे जुनं आहे. कीटक भृंगीचं ध्यान करता करता भृंगीच होतो, हा दृष्टान्त भागवतात आहे आणि पैठणच्या नाथांनी तो सोळाव्या शतकात मराठीत आणला. अवधूताच्या चोवीस गुरूंतला हा शेवटचा. दृष्टान्ताचा रोख अर्थातच अध्यात्माकडे आहे, पण निरीक्षण खोटं नव्हे. ही भृंगी म्हणजे कुंभारीण माशी. ती मातीच्या घरात अंडं घालते, त्याच्यापाशी अळी कोंडते, आणि पिल्लू ती अळी खाऊन बाहेर येतं. गांधीलमाशीच्या पोळ्यात मात्र डाव उलटतो. इथे खाल्लं जातं ते माशीचंच पिल्लू.

या चोरांची एक जुनी शास्त्रीय नोंद इटलीतली. पिसा इथल्या पिएत्रो रोस्सी यांनी १७९० मध्ये एका सडपातळ माशीचं वर्णन केलं. आज ती लॅटिब्युलस आर्जिओलस या नावाने ओळखली जाते आणि पोलिस्टिस या गटातल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर वाढते. आश्रयदात्याला शेवटी मारूनच टाकणाऱ्या अशा परोपजीवींना ‘पॅरासिटॉइड’ हे वेगळं नाव मिळायला मात्र १९१३ उजाडलं. ते दिलं फिनलंडच्या रॉयटर यांनी. ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसूचीत बिंगहॅम यांनी गांधीलमाश्यांची नोंद १८९७ मध्येच केली होती. रोस्सींच्या माशीच्या कुळावरचा मॉर्ले यांचा खंड आला तोही १९१३ मध्येच. काम चिकाटीचं, पण टाचणीला टोचलेली माशी कुणाच्या घरात शिरत होती हे सांगत नाही.

ते कळायला पोळ्यासमोर बसून राहावं लागतं. कीटकशास्त्रज्ञ मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड यांनी अमेरिका खंडातल्या पोलिस्टिसच्या पोळ्यांवर तेच केलं. त्यांनी १९६९ मध्ये लिहिलं, की परोपजीवी माशी दिसताच एक गांधीलमाशी पंख फडफडवत झटक्याझटक्याने धावते आणि बघता बघता सगळं पोळं तसंच करू लागतं. आपल्याकडे बंगळुरूत राघवेंद्र गदगकर यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा ही भारतीय माशी वर्षानुवर्षं अभ्यासली. एकटीने पोळं मांडायचं की चौघींनी मिळून, हा त्यांचा मुख्य प्रश्न. एकटी चाऱ्याला गेली की घर उघडं पडतं, तेवढी फट चोराला पुरते.

राखण असूनही आत शिरणारे आहेतच. ट्रिगोनॅलिडी कुळातल्या माश्या पोळ्याकडे फिरकतही नाहीत. त्या पानांवर बारीक अंडी पेरून जातात, पान खाता खाता सुरवंट ती गिळतो. मग गांधीलमाशी तो सुरवंट पकडते, चावून त्याचा गोळा करते आणि आपल्या पिल्लाला स्वतःच भरवते.