पोस्टकार्डावरचा प्रश्न आणि सायकलची नळी

१५ ऑक्टोबर, म्हणजे अब्दुल कलामांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळेच्या टेबलावर पुस्तकं मांडली जातात, आणि ती बहुतेक गोष्टींची असतात. अग्निबाणांवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नावाचा दिवस आणि विज्ञानाचं पुस्तक कोपऱ्यात, हे मला खटकतं. गोष्टी ‘अवांतर’ आणि माहिती म्हणजे ‘अभ्यास’ ही फाळणी आपल्याकडे मुळात नव्हती.

‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं, ते भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान मराठीत आणण्यासाठीच. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये खास मुलांसाठी ‘बालबोध’ सुरू केलं. एकाच अंकात चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय शेजारी शेजारी नांदत. १९१४ मध्ये ओक गेले, तोवर त्यांनी हे मासिक चालवलं. पुढे पुण्यात १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाचं मासिक आलं, १९७१ मध्ये बालभारतीचं ‘किशोर’.

मग माहितीला परीक्षेचा वास लागला. पुस्तकात उत्तरं उरली, प्रश्न गेले. ते परत आणणाऱ्यांत दोन पुणेकर मला फार मोलाचे वाटतात. मुलं स्वाक्षरी मागायला आली की जयंत नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासह सही मिळेल. पोस्टकार्डावर जागा ती किती! मुलाला आधी नेमकं काय विचारायचं ते ठरवावंच लागे.

दुसरे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता. १९७८ मध्ये टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. गावच्या बाजारात मिळणाऱ्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एवढ्यावर त्यांचं पहिलं पुस्तक उभं राहिलं. नळीचे छोटे तुकडे करून त्यांत काड्यांची टोकं खोचायची. चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. असं पुस्तक मूल उघडून जमिनीवर पालथं ठेवतं आणि काड्यापेटी शोधायला स्वयंपाकघरात पळतं.